आडवं आलेलं पान

फुलाबाईंना राग येतो हे हिर्डोशीच्या वरच्या वाडीत कुणाला सांगावं लागत नाही. तीस वर्षं अंगणवाडी चालवलेली बाई. आज वाडीत मिशीला पीळ देत फिरणारा प्रत्येक बाप्या कधी ना कधी त्यांच्यापुढं नाक पुसत उभा राहिलेला आहे, आणि ते त्या कुणाला विसरू देत नाहीत. पण त्यांचा नेहमीचा राग दुपारच्या चहापर्यंत उतरतो. यंदा वैशाखात आला तो राग उतरला नाही. तो त्यांनी चांगले सहा दिवस पोटात धरून ठेवला.

त्याची सुरुवात कॅमेऱ्यापासून झाली. फुलाबाईंची लेक शेफाली पुण्यात नोकरी करते. तिनं कधी काळी हौसेनं एक छोटा कॅमेरा घेतला, दोन सहलींना नेला, आणि मग मोबाईलवरच भागतंय म्हणून तो कपाटात टाकला. फुलाबाई नोकरीतून निवृत्त झाल्या तेव्हा ती म्हणाली, ''आई, तू घे. नाहीतरी तू दिवसभर पाखरांकडंच बघत बसतेस.''

मुठीत मावेल एवढंच ते काळं यंत्र. पण बटण दाबलं की त्याची नळी कुईं करत बाहेर यायची आणि ओढ्यापल्याडच्या खंड्याच्या चोचीतला मासा दिसायचा. पहिले दोन महिने फुलाबाईंना नुसत्या रिकाम्या फांद्या मिळाल्या. नळी पूर्ण बाहेर काढून पाखरू शोधायला गेलं की ते सापडतच नाही, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनाच कळलं. आधी लांबून फांदीचा बेचका धरायचा आणि मग हळूहळू जवळ जायचं. हात थरथरायचा, त्यावर त्यांनी घरातली जुनी चुंबळ काढली. ज्या चुंबळीवर जन्मभर पाण्याचे हंडे वाहिले, ती आता खडकावर ठेवून त्यात कॅमेरा टेकवायच्या आणि श्वास रोखून बटण दाबायच्या. वाडीतली माणसं हसायची. हसेनात का!

पाखरू दाखवलं ते चिमाजी तात्यांनी. तात्या म्हणजे सत्तरी ओलांडलेले, शेळ्या राखणारे, आणि वाघजाईच्या राईतला दिवा लावणारे. हा मान त्यांच्या घराकडं त्यांच्या आज्याच्या आधीपासून. वाघजाईच्या राईचे नियम वाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतात. पायताण बाहेर काढायचं. लोखंड आत न्यायचं नाही. वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. तात्या दर मंगळवारी दिव्याला जाताना कमरेचा कोयता राईच्या तोंडाशी असलेल्या खुंटाला अडकवायचे, परत येताना घ्यायचे. इतक्या वर्षांत त्या खुंटाला खाच पडली होती.

''बाई, तुमची ती दुर्बीण घिऊन चला,'' तात्या एका सकाळी म्हणाले. ''वड्याकडच्या उंबरावर लांब शेपटीच्या पाखरानं घर केलंय.''

पुस्तकात त्याला स्वर्गीय नर्तक म्हणतात. नर पांढराशुभ्र, डोकं काळं कुळकुळीत, आणि मागं हातभर लांब दोन फिती. घरटं चहाच्या कपाएवढं, कोळ्याच्या जाळ्यानं लिंपलेलं. फुलाबाई राईत शिरल्या नाहीत. ओढ्याच्या अलीकडं एक खडक होता, तिथं चुंबळ ठेवून त्या बसल्या. बाळंतिणीच्या खोलीत उठसूट कुणी शिरतं का, असं त्यांचं म्हणणं.

रोज सकाळी त्या जायच्या. अंडी उबवून झाली, पिल्लं निघाली, तीन केशरी तोंडं वर यायला लागली. फोटो मात्र एकही धड नाही. घरट्याच्या पुढं उंबराचं एक रुंद पान आडवं लोंबत होतं. ऊन तापायला लागलं की त्याची सावली नेमकी पिल्लांवर पडायची, आणि फोटोत मात्र ते पान निम्मं घरटं झाकून टाकायचं. त्यातल्या त्यात बरा फोटो फुलाबाईंनी शेफालीला पाठवला.

''आई, सुंदर! पण पान मध्ये आलंय गं,'' शेफाली फोनवर म्हणाली.

''पान मधी न्हाई आलं. पाखरानंच पानाआड घर बांदलंय. डोक्यावर छप्पर नको व्हय?''

आणि मग फुलाबाईंनी ती चूक केली. फोटो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. नुसता टाकला असता तरी निभावलं असतं, पण तीस वर्षं अंगणवाडीची रजिस्टरं भरलेला हात. कोण, कुठं, कधी, सगळं लिहिल्याशिवाय त्यांना नोंद पुरी झाल्यासारखीच वाटत नाही. त्यांनी फोटोखाली लिहिलं: वाघजाईची राई, ओढ्याकडचा उंबर, खालून तिसरी फांदी, पिल्ले तीन, दाखवणार चिमाजी तात्या.

तिसऱ्या दिवशी कुमार आला. कुमार म्हणजे त्यांच्या अंगणवाडीतला एके काळचा अट्टल रडका. आता वरंध्याच्या रस्त्याला त्याच्या चार खोल्या आहेत, पुण्याचे पाहुणे उतरतात, त्यांना तो पाखरं दाखवत फिरतो. सोबत सार्थक नावाचा तिशीतला पाहुणा होता. ठिपक्याठिपक्यांचे हिरवे कपडे, पायात घोट्याच्या वर जाणारे बूट, आणि खांद्यावर मांडीएवढी लेन्स.

''आजी, यात काय येणार?'' त्यानं चुंबळीतल्या कॅमेऱ्याकडं बघून विचारलं. वागायला वाईट नव्हता. त्यांनी फोटो दाखवला तेव्हा तो बारकाईनं बघत राहिला. ''अरेरे. एवढी सुंदर फ्रेम आणि पान आडवं आलंय.''

''आसूं द्या. त्याचं हाय ते,'' फुलाबाई म्हणाल्या. ''आणि हितूनच काढा, काय? आत पायताण चालत न्हाई. कुमार, तू सांगितलंस न्हवं ह्यांना?''

''सांगितलंय की बाई,'' कुमार म्हणाला.

दुसऱ्या दिवशी फुलाबाई भाचीच्या लग्नाला किकवीला गेल्या. दोन रात्री राहिल्या. परतीची एसटी चुकली, हिर्डोशीपासून पायी चढून आल्या, आणि घरी हातपाय धुवायच्या आधी खडकावर जाऊन बसल्या. कॅमेऱ्यातून बेचका धरला. नळी बाहेर काढली. आणि त्यांना वाटलं, आपण भलतीच फांदी बघतोय.

पान नव्हतं. ते पान नव्हतं, शेजारची डहाळी नव्हती, वरची नव्हती. घरटं भर उन्हात उघडं पडलं होतं. घरट्याच्या काठावर भारद्वाज बसला होता. सकाळी दिसला तर माणसं ज्याला हात जोडतात तोच तो तांबड्या पंखांचा भारद्वाज. त्याच्या चोचीत काय होतं ते फुलाबाईंना साठपट मोठं होऊन दिसलं. नर वरून झेपा घेत होता, त्या फिती वाऱ्यावर फडफडत होत्या, आणि भारद्वाजाला त्याचं काहीच नव्हतं. फुलाबाईंचं बोट बटणावर होतं, ते आपोआप दाबलं गेलं. मग त्यांनी कॅमेरा खाली ठेवला आणि ओढ्यातले दगड मारत सुटल्या. एकही तिथवर पोचला नाही.

त्या वाडीत शिरल्या त्या पेटूनच. ''राईत फांद्या कुणी तोडल्या?'' असं विचारायला तोंड उघडणार, तोच मंगल भेटली. मंगल कुमारच्या पाहुण्यांना भाकऱ्या करून देते.

''कळलं का बाई? तात्यांनी राईत कोयता चालवला. शेळ्यांना उंबर तोडला. कुमारनं डोळ्यांनी बगितलं म्हनं.''

''कुणी?''

''चिमाजी तात्यांनी. काल बैठक झाली. येत्या मंगळवारी देवीपुढं तोंडानं सांगायचं ठरलंय, न्हाईतर दिवा दुसऱ्या घरी जानार.''

तोंडानं सांगणं ही वाडीची जुनी रीत. राईचा नियम मोडणाऱ्याला दंड नाही, मार नाही. त्यानं अनवाणी उभं राहून सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात, आपण काय केलं ते देवीला सांगायचं. सांगितलं की मिटलं. पुन्हा कुणी तो विषय काढायचा नाही. रीत चांगली आहे. पण न केलेलं सांगायला लावायचं हे तिच्यात कधीपासून आलं?

तात्या घराच्या ओट्यावर शेळीच्या पायातला काटा काढत बसले होते.

''सांगून टाकतो बाई,'' ते म्हणाले. ''त्याशिवाय दिवा ऱ्हात न्हाई.''

''तुमी तोडला?''

तात्यांनी नुसतं वर बघितलं. त्या बघण्यानं फुलाबाईंना आपण विचारल्याचीच लाज वाटली.

''मग देवीपुढं खोटं बोलणार? दिवा ऱ्हावा म्हणून?''

''न्हाई बोललो तर दिवा जातो. बोललो तर खोटं पडतं. मला दोन्ही बाजूनी सारखंच हाय.'' काटा निघाला होता, तरी त्यांनी शेळीचा पाय सोडला नाही. ''कुमार म्हनतो बगितलं. बैठकीत चाळीस मानसं हुती. माजा कोयता खुंटाला आसतो हे त्यातल्या सगळ्यांना ठाव हाय. कुनी बोललं न्हाई.''

का बोलले नाहीत हे फुलाबाईंना चांगलं ठाऊक होतं. हनुमंताचा टेम्पो कुमारच्या पाहुण्यांना भोरवरून आणतो. मंगल भाकऱ्या करते. सर्जेराव अण्णा वाडीतले जाणते, बैठकीचा शब्द त्यांचा, आणि कुमारच्या खोल्या त्यांच्याच जागेत उभ्या आहेत. पाहुण्यावर आळ आला तर पाहुणे यायचे बंद होतील. म्हाताऱ्यावर आला तर काय बंद होणार आहे? असा तो सगळा सोयीचा न्याय. आणि अण्णा सोडले तर ही माणसं आपल्या हाताखालून गेलेली! 'आपल्या पाटीवरची रेघ दुसऱ्याची म्हणून सांगायची नाही' हे आपण यांना शिकवलं होतं की नाही, असा फुलाबाईंना प्रश्न पडला.

पण खरा डंख दुसराच होता. पत्ता कुणी दिला होता? खालून तिसरी फांदी, हे कुणी लिहिलं होतं? दाखवणार चिमाजी तात्या, हेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी, घरटं दिसल्यापासून प्रथमच, त्या राईत शिरल्या. अनवाणी गेल्या. उंबराखाली बुटांचे खोल ठसे होते आणि तिपाईच्या पायांची तीन भोकं. जिथून ती तिपाई उभी होती तिथून घरट्यापर्यंत फांद्यांमधून एक सरळ खिडकी पाडलेली होती. खिडकीबाहेरच्या एकाही डहाळीला धक्का नव्हता. तोडलेल्या डहाळ्या कुठं गेल्या म्हणून त्यांनी आजूबाजूला शोधलं, तर त्या एका मोठ्या धोंड्यामागं नीट रचून लपवलेल्या. पानं सुकून चुरमडली होती. फुलाबाईंनी एक एक डहाळी फिरवून बघितली आणि त्यांच्या तोंडून एकदम ''हात् मेल्या!'' असं निघालं. मग त्यांनी तिथल्या तिथं फोटो काढले, आणि डहाळ्या होत्या तशाच ठेवून परत आल्या.

मधल्या दिवसांत कुमारनं ग्रुपवर एक फोटो टाकला. 'आपल्या राईची शान! सार्थक सरांच्या फोटोला स्पर्धेत पहिलं बक्षीस!' फोटो देखणा होता, नाही कशाला म्हणा. घरटं स्वच्छ उघडं, ऊन बरोबर पडलेलं, तीन केशरी तोंडं, वर नर, दोन्ही फिती अखंड. खाली वाडीतल्या एकोणतीस जणांनी टाळ्या वाजवलेल्या. तात्यांकडं मोबाईल नाही, तेवढंच बरं. शेफालीनं सार्थकच्या पेजवर जाऊन आईचा पानवाला फोटो टाकला आणि विचारलं, हे पान कुठं गेलं? त्यानं तिला ब्लॉक केलं.

''आई, मी कुठंतरी तक्रार करते,'' शेफाली म्हणाली.

''ती तू कर. हितलं मी बगते.''

मंगळवारी ऊन कलताना वाडी राईत जमली. खुंटाशी पायताणांचा ढीग पडला. तात्यांचा कोयता त्याच खुंटाला, त्याच खाचेत अडकवलेला होता, आणि त्याच्या शेजारून चाळीस माणसं खाली मान घालून आत गेली. देवी म्हणजे शेंदूर लावलेला तांदळा, नाकडोळे नसलेला गोल दगड. तात्या पुढं उभे होते, हात जोडून.

''सांगा तात्या,'' सर्जेराव अण्णा म्हणाले. ''सांगा आन् मोकळं व्हा.''

''थांबा अण्णा,'' फुलाबाई पुढं झाल्या. ''आदी माजं सांगायचंय.''

सगळे चपापले. फुलाबाईंनी तात्यांना बाजूला केलं, हात जोडले आणि मुलांना गाणं म्हणून दाखवताना लावायच्या तसा आवाज लावला.

''आई वाघजाई, म्या फुलाबाई. तुज्या राईतलं पाखराचं घर म्या गावाला दावलं. झाड सांगितलं, फांदी सांगितली. मला कवतिक पायजे हुतं. त्यापायी तीन पिल्लं गेली. ही माजी चूक हाय.''

मग त्या वळल्या. सहा दिवस दाबून ठेवलेलं आता मोकळं झालं.

''आता ह्यो बगा.'' त्यांनी कॅमेरा अण्णांच्या हातात दिला. ''माजा वाया गेलेला फोटो. पान आडवं आलंय. दिसतंय का पान? कुमार, तुजा मोबाईल काढ. बक्षिसाचा फोटो दाव. काढ म्हनते ना!''

कुमारनं काढला. काढावाच लागला. कॅमेरा आणि मोबाईल शेजारी शेजारी धरून माणसं बघायला लागली. तीच फांदी, तोच बेचका, तीच तीन तोंडं. पान नाही.

''तात्यांनीच तोडलं आसंल आदी,'' कुमार म्हणाला. ''शेळ्यांसाटी. मग सरांना उघडं सापडलं.''

''शेळ्यांसाटी? हनुमंता, त्या धोंड्यामागं डहाळ्या हायेत, त्या घिऊन ये.''

हनुमंत घेऊन आला. चुरमडलेल्या उंबराच्या पानांची मोळीच ती.

''ह्यातलं शेळीनं खाल्लेलं एक पान मला दावा. एक!'' फुलाबाई म्हणाल्या. ''उंबराचा पाला हाय हा. शेळी देठासकट चावून खाती. तात्यांनी शेळ्यांना तोडला आन् मग शेळ्यांपासनंच लपवून ठिवला? शेळी ज्याच्या घरात हाय त्यानं सांगावं मला असं व्हतं का!''

शेळी ज्याच्या घरात नाही असं घर वाडीत नव्हतं. कुणी तरी मागं फिसकन हसलं आणि गप झालं. हनुमंत डहाळीचं टोक अंगठ्यानं चाचपत होता. ''कोयत्याचा घाव तिरका बसतो,'' तो हळूच म्हणाला. ''हे कातरीचं काम हाय.''

सगळ्यांनी कुमारकडं बघितलं. पस्तिशीतला बाप्या, पण फुलाबाईंना त्याच्या खालच्या ओठाची ती जुनी थरथर ओळखू आली. तिची त्यांना कीव आली नाही. कीव यायला आणखी दिवस जावे लागणार होते.

''सर चारच डहाळ्या म्हनले व्हते,'' कुमार म्हणाला. ''मी नगं म्हनलो. मग लई तोडल्या. पाहुणे परत येनार न्हाईत म्हनून मी...''

''म्हनून म्हाताऱ्याच्या गळ्यात बांदलंस? ज्यानं खुंटाला कोयता अडकवल्याबिगर हितं पाऊल टाकलं न्हाई त्याच्या? मला सांगू नगंस. तिकडं सांग.''

कुमार तांदळ्यापुढं गेला. पहिल्यांदा तो पुटपुटला. फुलाबाई म्हणाल्या, ''मोठ्यानं.'' मग त्यानं मोठ्यानं सांगितलं. कात्री राईत कुणी आणली, कुणी आणू दिली, आणि खोटं कुणी रचलं, सगळं सांगितलं.

अण्णांनी मोठा सुस्कारा सोडला. ''झालं. मिटलं बाबा एकदाचं. तात्या, लावा दिवा.''

माणसं सुटल्यासारखी हलली. दोघंतिघं पायताणांकडं वळलीसुद्धा. तात्यांनी मात्र वातीला हात लावला नाही. तेलाची वाटी त्यांनी खाली ठेवली.

''लावतो की,'' तात्या म्हणाले. आवाज अगदी बारीक होता, पण राईत ऐकू न जाण्यासारखं काही नव्हतं. ''कुमारनं त्याचं सांगितलं. बाईंनी त्यांचं सांगितलं. आता ज्यांना माजा कोयता कुठं आसतो ते ठाव हुतं, आन् जे बैठकीत गप बसलं, त्यांनी त्यांचं सांगावं. मग लावतो.''

ओढ्याच्या अंगानं त्या नराची करकरीत साद आली. कॅमेरा फुलाबाईंच्या हातात परत आला होता, तो त्यांनी पिशवीत घातला. अण्णांकडं त्यांनी बघितलं, आणि बघतच राहिल्या, जसं त्या चूक लपवायला पाटी पुसून ठेवणाऱ्या पोराकडं बघायच्या.

सर्जेराव अण्णांनी डोक्याचा पटका काढला. पुढं आले. हात जोडले.

''आई वाघजाई, म्या सर्जेराव. मला ठाव हुतं.''

त्यांच्यामागं हनुमंत उभा राहिला. हनुमंताच्या मागं मंगल. पायताणांपर्यंत गेलेले तिघं परत फिरले. रांग तांदळ्यापासून उंबरापर्यंत गेली आणि एकेक जण आपलं नाव घेऊन तेच सांगत राहिला. त्या दिवशी दिवा लागायला फार उशीर झाला.